टायर, ट्यूब, व्हॉल्व्ह आणि पहिले काही आठवडे: सायकलने कामावर जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कोथरूडहून नदीपलीकडे सायकलने कामाला जातो. ओळखीत कुणी नवी सायकल घेतली की पहिल्या महिन्याभरात त्यांचे प्रश्न येतातच, आणि ते बहुतेक तेच असतात. निम्मे हवेचे, निम्मे भीतीचे. माझ्या मते ही दोन्ही एकाच घरातली भावंडं आहेत. भर रस्त्यात पंक्चर झालं तर आपलं काय होईल ही धास्ती मनात असली की ट्रॅफिकही दुप्पट मोठं वाटतं. म्हणून आधी टायर, मग रस्ता.

१. माझ्या ट्यूबला कोणता व्हॉल्व्ह आहे, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. जुन्या काळ्या सायकलींना आणि आजही साध्या सायकलींना असतो तो वूड्स व्हॉल्व्ह. काही जण त्याला डनलॉप म्हणतात. त्याच्या गळ्यात एक चकती असते, ती सोडवली की आतली नळी बाहेर येते. नळीवर रबराची बारीक व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेली असते आणि हवा तीच अडवते. दुसरा श्रेडर: मोटारसायकलला आणि कारला असतो तोच, जाड, मध्ये छोटी पिन. तिसरा प्रेस्टा: बारीक, उंच, टोकाला इवलीशी फिरणारी कळ. महागड्या आणि अरुंद टायरच्या सायकलींना बहुधा हाच येतो. रिमला पाडलेलं भोक प्रेस्टासाठी सुमारे ६ मिमी असतं आणि श्रेडरसाठी ८ मिमी. प्रश्न १० मध्ये हे आकडे लागतील.

२. नवी सायकल आहे, प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे, पण हवाच आत जात नाही. पंप खराब आहे का?

पंप चांगला आहे. टोकाची कळ सोडवायची राहिली आहे. ती डावीकडे फिरवून वरपर्यंत सैल करा, बोटाने एकदा दाबून ‘फुस्स’ ऐका, मग पंपाचं तोंड बसवा. हवा भरून झाली की कळ पुन्हा आवळा. पहिल्या आठवड्यात हा प्रश्न न विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

३. घरात तीन सायकली आहेत, तिन्हींचे व्हॉल्व्ह वेगळे. तीन पंप घ्यावे लागतील?

नाही. उभ्या पंपाच्या तोंडाला हल्ली श्रेडर आणि प्रेस्टा अशी दोन्ही सोय असते. वूड्सवर प्रेस्टाचं तोंड बसतं. फक्त वूड्सच्या बाबतीत पंपाच्या काट्यावर फार विसंबू नका: रबरी ट्यूब उघडायलाच थोडा दाब लागतो, त्यामुळे काटा खरा आकडा दाखवत नाही. तिथे टायर दाबून पाहणं आलं. पंप घेताना काटा असलेला उभा पंपच घ्या. हेल्मेटनंतरची पहिली खरेदी तीच असावी.

४. पेट्रोल पंपावर हवा भरली तर चालते का?

चालते, जपून. तिथला कॉम्प्रेसर कार आणि ट्रकच्या टायरसाठी असतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती? डोळ्याचं पातं लवायच्या आत ती भरते आणि फुटतेही. एकेक सेकंदाचा झटका द्यायचा, थांबायचं, टायर दाबून पाहायचा. हवा भरणाऱ्या पोराला ‘सायकल आहे, हळू’ हे आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो. प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर लागेल. नखाएवढा असतो, सायकलच्या दुकानात मिळतो, पाकिटात टाकून ठेवावा.

५. टायरवर ‘४०-६५ पीएसआय’ लिहिलंय. मग नेमकी किती भरू?

पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. हा टायरला चालणाऱ्या दाबाचा पल्ला झाला, तुमचा आकडा त्यात कुठेतरी बसतो. वजन जास्त तर दाब जास्त, टायर रुंद तर दाब कमी. साधारण ७० किलोचा माणूस आणि पाठीला एक सॅक धरली तर २८ मिमी टायरला ७० ते ८०, ३५ मिमीला ५० ते ६०, दोन इंची जाड टायरला ३५ ते ४५ पीएसआयपासून सुरुवात करावी. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त. टायरवर छापलेला वरचा आकडा मात्र कधीही ओलांडू नका. काटा बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

‘कडक हवा म्हणजे सायकल पळते’ हा समज गुळगुळीत ट्रॅकवर ठीक. आपल्या रस्त्यांवर कडक टायर प्रत्येक खडीवर उडतो, हात बधिर करतो आणि पकडही सोडतो. उलट हवा फार कमी असली की खड्ड्यात रिम खाली टेकते आणि ट्यूब चिमटली जाते (प्रश्न ९). दर आठवड्याला पाच पीएसआय वरखाली करून पाहा, दोन-तीन आठवड्यांत तुमचा आकडा सापडेल. अंगठ्याने दाबून पाहणं जाड टायरला चालतं. अरुंद टायर ६० ला आणि ९० ला अंगठ्याला सारखाच लागतो.

६. सायकल नुसती उभी असली तरी आठवड्याभरात हवा उतरते. हळू पंक्चर आहे का?

असेलच असं नाही. रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. अरुंद, जास्त दाबाच्या टायरमध्ये हे लवकर जाणवतं. आठवड्यातून एकदा हवा भरणं हे नित्यकर्म समजा. पण रात्रीत टायर बसत असेल तर आधी व्हॉल्व्ह तपासा, आणि त्यासाठी जुना उपाय अजूनही सर्वांत स्वस्त: व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावायची. बुडबुडा फुगला की चोर सापडला. वूड्स असेल तर व्हॉल्व्ह ट्यूब सुकून चिरली असणार, नवी चढवा. श्रेडर किंवा प्रेस्टाची आतली कांडी सैल असेल तर आवळा.

७. विदर्भातल्या उन्हात सायकल उभी ठेवली तर ट्यूब फुटते म्हणतात. दुपारी हवा कमी करून ठेवू का?

गरज नाही. आकडा काढून पाहू: २५ अंशाला ६० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशाला गेला तर दाब साधारण ५ पीएसआयने वाढतो. धडधाकट टायर एवढ्याने फुटत नाही. उन्हात जे फुटतात त्यांची कड रिममध्ये नीट बसलेली नसते, टायर कुठेतरी फाटलेला असतो, किंवा हवा आधीच कमाल मर्यादेला टेकलेली असते. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं. सावली मिळाली तर उत्तमच, पण ती रबर सुकून चिरू नये म्हणून.

८. ‘२६ चा टायर’ आणला तर बसेना. २६ म्हणजे २६ नाही का?

नाही, आणि यात दुकानदाराचाही कधी कधी घोळ होतो. इंचातले आकडे फसवे आहेत. टायरच्या बाजूला ‘३७-६२२’ असा बारीक आकडा शोधा. पहिला रुंदीचा, दुसरा टायरची कड जिथे बसते त्या वर्तुळाच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला पाहिजे, बास.

माउंटन सायकलचा २६ म्हणजे ५५९. जुन्या धाटणीच्या सायकलींचा २६×१½ म्हणजे ५८४, आणि २६×१⅜ म्हणजे ५९०. तिघेही ‘सव्वीस’, एकमेकांना बसत नाहीत. एवढंच काय, २६×१.७५ आणि २६×१¾ गणितात एकच, टायरमध्ये वेगळे. याउलट ७००सी आणि २९ ही नावं वेगळी, पण दोन्ही ६२२. आजोबांच्या काळ्या सायकलचा २८×१½ मात्र ६३५ चा, त्याला ७००सी लावायला जाऊ नका. ट्यूब थोडंफार चालवून घेते. टायर नाही.

रुंदी किती घ्यावी, हेही इथेच सांगतो. शहरात ३२ ते ४० मिमी. पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटाराच्या जाळ्या २५ मिमीचा टायर गिळतात, आणि मग सायकल जागच्या जागी थांबते, तुम्ही पुढे जाता. रुंद टायर घेण्याआधी तो फ्रेमला आणि मडगार्डला घासणार नाही ना, हे पाहा.

९. पंक्चर स्वतः काढता येईल का? मला हत्यारांचा काहीच गंध नाही.

येईल. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, पाचव्यांदा पंधरा मिनिटं. मात्र पहिली वेळ रस्त्यावर येऊ देऊ नका. रविवारी घरी, चहा हाताशी ठेवून, पंक्चर नसतानाही एकदा ट्यूब काढा आणि परत घाला.

लागतं ते एवढंच: प्लास्टिकचे दोन लिव्हर, घासायला पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच, छोटा पंप आणि एक जादा ट्यूब. चाक काढा, उरलेली हवा सोडा, टायरची कड दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तिथे ढकलली की टायर सैल होतो. बरेच जण हे करत नाहीत आणि लिव्हरशी कुस्ती खेळत बसतात. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने लिव्हर घालून एकच कड बाहेर काढा. ट्यूब काढून फुगवा, गालाजवळ फिरवा किंवा बादलीत बुडवा. बुडबुडे आले की खूण करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत राहतं: टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. बाभळीचा काटा, सराटा, काचेचा कण किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार अजून तिथेच रुतलेली असते. ती काढली नाही तर नवी ट्यूबही तासाभरात बसेल. बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवला तरी चालतो. कापूस अडकतो, बोट वाचतं.

भोकाभोवती घासा, सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. ओलं असतानाच पॅच लावणं ही सगळ्यांची पहिली चूक, माझीही होती. बोट लावल्यावर चिकट लागेल पण ओलं लागणार नाही, तेव्हा पॅच दाबा. परत बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा ठेवा म्हणजे ती पिळली जात नाही, आणि शेवटचा भाग शक्यतो हातानेच आत ढकला. लिव्हरने चिमटून नवं पंक्चर पाडण्यात आपण सगळेच तरबेज असतो.

रस्त्यात असाल तर पॅचच्या भानगडीत पडू नका. जादा ट्यूब घाला, जुनी घरी आणा.

आणि भोक वाचायला शिका. एकच भोक टायरच्या बाजूला: काटा किंवा काच. शेजारी-शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी: हवा कमी होती, खड्ड्यात रिम टेकली. भोक रिमच्या बाजूला: रिमवरची पट्टी सरकली आहे आणि आऱ्याचं टोक टोचतंय. यासाठीच टायर घालताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी ठेवतात. ट्यूबवरचं भोक टायरवर कुठे येईल, ते लगेच कळतं.

१०. व्हॉल्व्हच्या बुडाशीच ट्यूब फाटते, दोनदा झालं. पॅच बसत नाही.

बसणारही नाही, ट्यूब बदला. कारण शोधायचं तर व्हॉल्व्ह तिरका झाला होता का आठवा. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर घसरतो, सोबत ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह भोकाच्या कडेवर कापला जातो. तिरका दिसला की हवा सोडून टायर सरळ करा. दुसरं कारण: श्रेडरच्या मोठ्या भोकात बारीक प्रेस्टा ट्यूब नुसती घातली आहे. भोकासाठी छोटी रबरी किंवा धातूची बुशिंग मिळते, ती घाला. उलटी अडचण, म्हणजे प्रेस्टाच्या भोकात श्रेडर बसवायचा, तर भोक मोठं करू नका. अरुंद रिम तिथे कमकुवत होते.

११. पंक्चर होणारच नाही असा टायर मिळतो का?

कमी होतील असे मिळतात, आतून जाड पट्टा असलेले. जड असतात, पण रोजच्या कामासाठी मला तो सौदा पटतो. ट्यूबमध्ये घालायचं सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, काट्यांच्या मुलखात उपयोगी आहे, मात्र व्हॉल्व्ह तुंबवतं. भरीव रबराचे टायर घेऊ नका. पंक्चरचा त्रास वाचतो आणि आरे, मनगटं, कंबर यांचा सुरू होतो.

१२. टायर कधी बदलायचा?

आतला धागा दिसला, बाजूला भेगा खोल गेल्या, फुगवटा आला किंवा महिन्यात तिसरं पंक्चर झालं, तर. मागचा आधी झिजतो. पण नवा टायर मागे घालू नका: पुढचा मागे न्या, नवा पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर तुम्ही थेट जमिनीवर.

१३. कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही, आता सत्तेचाळीस. एकदम ऑफिसला कसं जाऊ?

एकदम जाऊच नका. सायकल चालवणं विसरत नाही, पण मान वळवून मागे बघणं आणि एका हाताने चालवणं विसरलेलं असतं, आणि रस्त्यावर नेमकं तेच लागतं. मोकळ्या मैदानात आधी या दोनच गोष्टी करा: उजव्या खांद्यावरून मागे पाहताना सायकल सरळ राहिली पाहिजे, आणि हात दाखवताना हँडल डगमगायला नको.

मग रविवारी सकाळी सातला ऑफिसपर्यंत जाऊन या. रस्ता गाडीवरून ओळखीचा असला तरी सायकलवरून तो वेगळा असतो. कुठे चढ, कुठे खड्डा, कुठल्या गल्लीतून मुख्य रस्ता टाळता येतो, हे त्या दिवशी कळतं. कर्वे रस्त्याला समांतर आतल्या गल्ल्यांमधून मी बरंच अंतर काढतो. पाच मिनिटं जास्त लागतात, रक्तदाब कमी राहतो. शहरात ताशी पंधराचा वेग धरा, म्हणजे ८ किलोमीटरला अर्धा तास. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनच दिवस जा.

१४. रस्त्याच्या अगदी कडेने चालवणं सुरक्षित ना?

सुरक्षित वाटतं. पण कडेलाच काचा, वाळू, गटाराच्या जाळ्या आणि डांबराची तुटलेली कड असते. तिथे जागा संपली की तुम्हाला अचानक उजवीकडे यावं लागतं, आणि मागच्याला तेच अपेक्षित नसतं. कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत चाला. उभ्या गाड्यांपासून तर एक मीटर लांब, दार कधी उघडेल सांगता येत नाही. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी जिथे ओव्हरटेकला जागाच नाही, तिथे लेनच्या मधोमध चालवलं तरी बिघडत नाही. विरुद्ध दिशेने, ‘समोरचं दिसतं म्हणून’, कधीच नाही.

१५. मागून सारखे हॉर्न वाजतात, मी घाबरून खाली उतरते.

आपल्याकडे हॉर्न म्हणजे बहुतेक वेळा ‘मी आलोय’ एवढंच. वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलं आहे, म्हणजे खरं तर बरं. सरळ चालत राहा, झटकन बाजू देऊ नका. न वाजवता येणाऱ्यांसाठी मान वळवून बघण्याची सवय (प्रश्न १३).

१६. मोठ्या चौकात उजवीकडे वळायची फार भीती वाटते.

मग वळूच नका. हिरवा लागला की डाव्या बाजूने सरळ पलीकडे जा, तिथे थांबून सायकल उजवीकडच्या रस्त्याकडे वळवा, त्या बाजूचा हिरवा लागला की पुन्हा सरळ. नळ स्टॉपसारख्या चौकात मी आजही हेच करतो. अगदीच गर्दी असेल तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून ढकलत न्या. त्यात कमीपणा नाही.

१७. बसच्या डावीकडून पुढे सरकू का? जागा असते.

नाही. बस आणि ट्रकच्या डाव्या अंगाला ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, आणि बस थांब्याकडे डावीकडेच येते, प्रवासीही डावीकडेच उतरतात. मागे थांबा. या पानावरच्या बाकी गोष्टी सवडीने पाळा, ही पहिल्या दिवसापासून.

१८. पावसाळ्यात सायकल बंद ठेवायची का?

मी ठेवत नाही, पण पहिल्या पावसाच्या दिवशी घरीच ठेवतो. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्ता साबण होतो. नंतरही पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि ओला पालापाचोळा यांवर वळू नका, ब्रेक मारू नका, सरळ पार व्हा. रिमला पकडणारे ब्रेक भिजल्यावर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत धरतच नाहीत, म्हणून लवकर दाबा. टायरची हवा पाचेक पीएसआय कमी ठेवली तर पकड सुधारते. नक्षी खोल नाही म्हणून काळजी नको: सायकलचा टायर अरुंद आणि वेग कमी, त्यामुळे तो कारसारखा पाण्यावर तरंगत नाही. पंक्चर मात्र वाढतात. ओल्या रबरात काच सहज शिरते. साचलेल्या पाण्यातून जायचं टाळा, खाली काय आहे ते कुणाला ठाऊक.

१९. रात्री परतताना कुत्री मागे लागतात.

पळणाऱ्या पायांमागे ती लागतात. वेग वाढवण्यापेक्षा हळू व्हा, नाहीतर उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि दरडावून ‘हाड!’ म्हणा. बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो. लाथ मारायला गेलात तर तोल जाईल. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. छोटा ओरखडा असला तरी.

२०. ओढणी, साडी, सैल पँट?

ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ. पँटचा उजवा पाय मोज्यात खोचा, चेन त्या बाजूला असते. साडीसाठी चेन-कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली, खाली झुकत्या दांड्याची सायकल.

२१. घामाचं काय?

हळू चालवा, सॅक पाठीऐवजी कॅरिअरवर ठेवा, एक शर्ट ऑफिसात ठेवा.

२२. लायसन्स, हेल्मेट, दिवे: कायद्याने काय लागतं?

सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळे लायसन्स लागत नाही आणि मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्तीही तिला लागू नाही. तरी घाला. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अंधार पडायच्या आधीच लावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, जुन्या महामार्गानेच जायचं.

२३. घसरून पडलो. लागलं फार नाही, पण आता सायकलकडे बघवत नाही.

आधी सायकल तपासा: हँडल चाकाच्या रेषेत आहे का, ब्रेक धरतात का, चाक आऊट झालंय का. चाक फिरवून ब्रेकच्या रबराशी घासतंय का पाहिलं की कळतं. गिअर असलेल्या सायकलचा मागचा गिअर आत वाकला असेल तर दुकानात सरळ करून घ्या, नाहीतर चढावर तो आऱ्यांत जातो. डोक्याला आपटलं असेल तर हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी बदला.

मग पडलात ती जागा रविवारी पायी जाऊन बघा. काहीतरी सापडतंच: वाळू, फट, उतार. माझ्या बाबतीत ते म्हात्रे पुलाच्या अलीकडचं एक गुळगुळीत लोखंडी झाकण होतं. अजून आहे. मी त्याच्या हातभर उजवीकडून जातो.